विद्यापीठातील प्रयोगशाळा कोणाच्या?

(पुण्यातील एका बुद्धविहारात भरलेल्या पालकांच्या सभेत केलेले भाषण)



येत्या २८ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनी, आपल्या वस्तीतील मुलामुलींना खोडद येथील रेडिओ दुर्बीण पाहावयास न्यावयाचे ठरले आहे. त्याआधी आईबापांशी चार शब्द बोलावेत, अशी येथील कार्यकर्त्यांनी मला सूचना केली. काय पाहावयाचे ते मुलांना तेथे गेल्यावर दिसेलच. मला आज बोलावयाचे आहे ते तुमच्याशी. कारण मुलगा प्रयोगशाळेत शिरतो की दारातून परत फिरतो, हे बहुतेक वेळा घरातच ठरते.

आरंभी माझीच एक गोष्ट सांगतो. मी माझ्या घरातील पहिला विज्ञान शाखेचा विद्यार्थी. महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला चौघांत मिळून एक उपकरण मिळे. एक जण स्क्रू फिरवी, दुसरा भिंगातून पाही, तिसरा आकडे सांगे आणि मी ते वहीत उतरवून घेई. माझे अक्षर चांगले होते. दोन वर्षे मी दुसऱ्यांनी घेतलेली मोजमापे सुंदर अक्षरात लिहिली. वहीला उत्तम गुण मिळाले. वडील ती वही शेजाऱ्यांना दाखवीत. पुढे वार्षिक परीक्षेत परीक्षकांनी तेच उपकरण माझ्यापुढे ठेवले आणि ‘लावून दाखवा’ म्हणाले. माझा हात थरथरू लागला. तो प्रयोग मला तोंडपाठ होता, पण त्या उपकरणाला मी कधी हात लावला नव्हता.

याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. ‘हात लावू नकोस’ असे मला कोणी म्हटले नव्हते. मी मागितलेच नव्हते. पिढ्यान् पिढ्या जे हात मागे ठेवावयास शिकविले गेले, ते आपोआपच मागे राहिले. एखादी वस्तू आपणांस खुली असणे आणि ती आपण वापरणे, या दोहोंतले अंतर मला त्या दिवशी कळले. आजचे माझे सारे बोलणे या अंतराविषयी आहे.

गणेशखिंडीच्या आवारात काय आहे?

आपल्यापैकी पुष्कळांनी गणेशखिंडीवरून जाताना विद्यापीठाचे फाटक पाहिले असेल. आतील मुख्य इमारत ही एके काळी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. १९४९ साली तेथे पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. ज्या माउलीने १८४८ साली याच शहरात मुलींना शिकविण्यास प्रारंभ केला आणि त्यापायी अंगावर शेणमाती झेलली, तिचे नाव आज त्या फाटकावर आहे. फाटकाच्या आत काय आहे, हे मात्र आपल्या घराघरांतून कोणी सांगत नाही.

त्या आवारात आयुका नावाची संस्था आहे. तिचे पूर्ण नाव आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र. या नावातील ‘आंतरविद्यापीठीय’ हा शब्द आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्यातच आपल्या हक्काचा मुद्दा दडलेला आहे.

विज्ञानाची मोठी साधने अतिशय महाग असतात. एकट्या विद्यापीठाला ती परवडत नाहीत. एखाद्याने ती घेतलीच, तरी ती चालविणारी तज्ज्ञ माणसे, अखंड वीज आणि दुरुस्तीचा खर्च त्याला पेलत नाही. तेव्हा असा विचार निघाला की, एकाच ठिकाणी उत्तम साधन उभारावे आणि देशातील सर्व विद्यापीठांनी ते मिळून वापरावे. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात तशी तरतूद करण्यात आली. दिल्लीला अणुविज्ञानाचे केंद्र निघाले. १९८८ साली पुण्यास आयुका स्थापन झाली आणि डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक झाले. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात निवर्तले. त्यांनी घालून दिलेली रीत मात्र चालू आहे. आडगावच्या महाविद्यालयातील प्राध्यापकालाही आयुकाचा सहयोगी म्हणून निवडले जाते. त्याने यावे, राहावे, ग्रंथालय आणि संगणक वापरावेत आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांना शिकवावे, अशी ती योजना आहे. आंबेगाव तालुक्यातील गिरवली येथे आयुकाची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. ती २००६ साली सुरू झाली. लहान मुलांसाठी आयुकाच्या आवारात पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. टाकाऊ काड्या, जुनी बाटली आणि सायकलच्या नळीचा तुकडा यांतून विज्ञानाची खेळणी कशी करावीत, हे तेथे अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे मुलांना शिकविले.

त्याच आवारात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे रेडिओ खगोलभौतिकीचे राष्ट्रीय केंद्र आहे. आपली मुले जी दुर्बीण पाहणार आहेत, ती या केंद्राची. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ ती उभी आहे. दुर्बीण म्हटल्यावर नळी आणि भिंग डोळ्यांपुढे येते. येथे तसे काही नाही. येथे ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ एका चौरस किलोमीटरच्या आसपास आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या आहेत. टोकांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. या साऱ्या मिळून एका प्रचंड दुर्बिणीचे काम करतात.

एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता आणि वाऱ्याने त्या टिकल्याही नसत्या. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी युक्ती काढली. पोलादी दोरांच्या सांगाड्यावर त्यांनी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी ताणून बसविली. जाळीतून वारा निघून जातो. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी मात्र त्या जाळीच्या भोकांहून कितीतरी लांब असल्यामुळे त्यांना ती जाळी भरीव आरशासारखीच वाटते, आणि त्या परावर्तित होतात. ज्याच्यापाशी पैसा थोडा आहे, त्याने बुद्धी अधिक वापरावी, याचे हे उदाहरण आहे. आपल्या मुलांनी ते अवश्य ध्यानात ठेवावे.

आता या दुर्बिणीवर काम कोणी करावयाचे? कोणाच्या ओळखीने तेथे वेळ मिळतो काय? नाही. वर्षातून दोनदा संशोधकांकडून अर्ज मागविले जातात. मला अमुक तारकासमूह पाहावयाचा आहे, अमुक कारणासाठी पाहावयाचा आहे, इतके तास लागतील, असे लिहून द्यावे लागते. तज्ज्ञांची समिती अर्ज तपासते आणि वेळ वाटून देते. जगभरचे शास्त्रज्ञ असे अर्ज करतात. २०२३ च्या जानेवारीत कॅनडातील आणि बंगळूरच्या संशोधकांनी जाहीर केले की, याच दुर्बिणीने एका अतिदूर आकाशगंगेतील हायड्रोजनचा क्षीण संदेश टिपला आहे. तो संदेश तेथून निघाला, तेव्हा आपली पृथ्वी जन्मालाही आलेली नव्हती. कॅनडातला माणूस जुन्नरच्या माळावरच्या जाळीतून विश्वाचा भूतकाळ पाहतो. मग त्या माळाच्या शेजारच्या वस्तीतील मुलीने का पाहू नये?

खर्च कोण करतो?

तुम्ही म्हणाल, हे मोठ्यांचे काम आहे. आपला त्याच्याशी काय संबंध? मी विचारतो, या साऱ्याचा पैसा येतो कोठून? विद्यापीठ अनुदान आयोग आणि सरकारी खाती जो पैसा देतात, तो जनतेच्या करातून येतो. तुम्ही काडेपेटी घेता, अंगाचा साबण घेता, तेव्हा त्या किमतीत कर भरता. दुर्बिणीच्या त्या तारेत सफाई कामगाराचा आणि मोलकरणीचाही पैसा गुंफलेला आहे.

मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला, तो आठवा. सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. पण तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी आमच्यापैकी कोणाच्या ओठांना लागले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्यात उतरून ओंजळ भरली, तेव्हा तो ठराव कागदावरून खाली आला.

आज विद्यापीठाच्या प्रयोगशाळेच्या दारावर कोणाचीही जात विचारणारी पाटी नाही. ठराव झालेला आहे. राखीव जागा आहेत. १९५६ नंतर धर्मांतरितांच्या ज्या सवलती हिरावल्या गेल्या, त्यांचा प्रश्नही केंद्राने १९९० साली अनुसूचित जातींविषयीचा आदेश दुरुस्त करून सोडविला. बौद्ध झाल्याने आपला तो हक्क बुडत नाही. तेव्हा कागद आपल्या बाजूचा आहे. ओंजळ भरावयास कोण जाणार, एवढाच प्रश्न उरला आहे.

आपल्या घरांतील अडचणी

मी अडचणी जाणतो. पहिली अडचण पोटाची. मुलगी विज्ञानाची पदवी घेते. घरात भाऊ लहान, वडिलांचे काम सुटलेले. समोर एखादी कारकुनाची नोकरी दिसते. अशा वेळी ‘आणखी पाच वर्षे संशोधन’ हे शब्द ऐकताच घर दचकते. या घराला मी मूर्ख म्हणणार नाही. परंतु पूर्ण हिशेब मांडल्याशिवाय निर्णय करू नका, एवढी माझी विनंती आहे.

संशोधन म्हणजे फुकट शिकणे नव्हे. विज्ञान विषयांत पदव्युत्तर शिक्षणानंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षा असते. तीत जो कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीस पात्र ठरतो, त्याला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, आणि पुढे वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये अशी वृत्ती ठरविण्यात आली, घरभाडे निराळे. एकूण मुदत पाच वर्षांपर्यंत असते. अनुसूचित जातींच्या उमेदवारांना वयात पाच वर्षांची सूट मिळते. अनुसूचित जातींसाठी निराळी राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीही आहे, आणि पुण्याच्या बार्टी या संस्थेमार्फत बाबासाहेबांच्या नावाने संशोधन अधिछात्रवृत्ती दिली जाते. ही भीक नाही आणि बक्षीसही नाही. संशोधन हे काम आहे आणि हे त्याचे वेतन आहे.

हे पैसे पुष्कळदा महिनोन् महिने रखडतात, हेही मी लपवीत नाही. म्हणून कागदपत्रे वेळीच तयार ठेवा. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी ही शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. प्रत्येक अर्जाची पोचपावती घ्या. पहिल्या काही महिन्यांसाठी घराने आणि वस्तीने मिळून हात द्यावा. लग्नकार्यात आपण जो खर्च करतो, त्याचा एक लहानसा हिस्सा याकामी पुरेल.

दुसरी अडचण मनाची आहे. इंग्रजी कच्चे, ओळख नाही, मार्गदर्शक कसा भेटेल याची धास्ती. ही धास्ती निराधार आहे, असेही मी म्हणत नाही. जात पुसून माणसे प्रयोगशाळेत शिरत नाहीत. ती कधी टोमण्यात दिसते, कधी नुसत्या दुर्लक्षात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समानतेविषयी नियम करून भेदभावाच्या तक्रारी ऐकण्यासाठी अधिकारी नेमावा असे सांगितले, ते याच कारणाने. तुमचे मूल घरी येऊन गप्प बसू लागले, तर ‘सहन कर’ एवढे सांगून थांबू नका. त्याला विचारा, त्याच्याबरोबर जा, लेखी तक्रार करा. त्याला एकटे पडू देऊ नका. आपली लढाई कधी एकट्याने झालेली नाही.

तिसरी गोष्ट मी मुलांना सांगतो. तुम्हीही त्यांना सांगा. प्रयोगशाळेत गेल्यावर हात पुढे करा. वही दुसऱ्याला द्या आणि उपकरण स्वतः घ्या. चुकलात तर चुका. मोठ्या यंत्रांच्या बाबतीतही हेच आहे. आज अनेक विद्यापीठांत उपकरणांचे मध्यवर्ती केंद्र असते. साध्या सूक्ष्मदर्शकाला प्रकाशाच्या लहरीहून फार बारीक वस्तू दिसत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याहून शेकडो पटींनी बारीक वस्तू पाहता येते. असे यंत्र प्रत्येक महाविद्यालयाला घेता येत नाही. म्हणून बाहेरच्या संशोधकांना शुल्क भरून आपला नमुना तपासून घेता येतो. देशात सार्वजनिक पैशातून घेतलेली अशी उपकरणे कोठे आहेत, याची सूची असावी आणि कोणाही संशोधकाने त्यांसाठी मागणी नोंदवावी, याकरिता २०२० साली आय-स्टेम नावाची राष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली. लहान गावातील विद्यार्थ्याला ती ठाऊक नसते, आणि जे ठाऊक नसते ते कोणी मागत नाही.

प्रश्न कोणी विचारावयाचे?

आपल्या मुलांनी तेथे जावे, ते केवळ पदवी आणि पगार यांसाठी नव्हे. संशोधनाचा आरंभ प्रश्नाने होतो, आणि ज्याच्या घरात जे दुःख असते, तो तसा प्रश्न विचारतो. गटारात उतरणारा आपला बांधव गुदमरून मरतो. त्याला मारणाऱ्या वायूंत हायड्रोजन सल्फाइड हा एक प्रमुख वायू आहे. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास येईनासा होतो आणि उतरणाऱ्याला वाटते, आता धोका टळला. १९९३ चा आणि २०१३ चा कायदा होऊनही हे मृत्यू थांबलेले नाहीत. माणसाला खाली उतरावेच लागणार नाही असे यंत्र करणे, वायूचा इशारा देणारे स्वस्त साधन करणे, हे प्रयोगशाळेचे काम आहे. ज्याच्या बापाने गटार पाहिले आहे, तो हा प्रश्न दुसऱ्या कोणावर टाकून निश्चिंत बसणार नाही.

मात्र माझ्या बोलण्याचा विपरीत अर्थ करू नका. आपल्या मुलांनी केवळ आपल्याच दुःखाचे संशोधन करावे, अशी सक्ती त्यांच्यावर लादणे हाही एक अन्याय होईल. एखाद्या मुलीला गटाराचा विचार करावयाचा नसेल, तिला दूरच्या आकाशगंगेतील हायड्रोजन पाहावयाचा असेल, तर तो तिचा हक्क आहे. ‘याचा समाजाला काय उपयोग?’ असे तिला विचारू नका. ज्यांनी आम्हांला शतकानुशतके जमिनीकडेच पाहावयास लावले, त्यांच्या लेकरांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आपल्या लेकरालाही नुसत्या जिज्ञासेचे सुख मिळू द्या.

आणखी एक वार्ता सांगून मी पुरे करतो. मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा तालुक्यात, लायगो-इंडिया ही मोठी वेधशाळा उभारण्याची योजना आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून लेसरचा प्रकाश सोडावयाचा आणि विश्वातील प्रचंड घडामोडींनी अवकाशात उठणारे सूक्ष्म तरंग मोजावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. असे तरंग जगात प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांना सापडले. आपली आयुका या कामातील भागीदार संस्थांपैकी एक आहे. वेधशाळा म्हणजे केवळ शास्त्रज्ञ नव्हेत. तिला निर्वात नळ्यांचे जोडारी लागतात, वीजतंत्री लागतात, संगणकावर काम करणारे लागतात, यंत्रशाळेतील कुशल कारागीर लागतात.

त्या मराठवाड्यातील विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून आपण १९७८ पासून १९९४ पर्यंत झगडलो. घरे जळाली, माणसे गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ज्यांनी त्या पाटीसाठी प्राण दिले, त्यांची नातवंडे आज शिकण्याच्या वयाची आहेत. हिंगोलीच्या त्या नळ्यांवर वीस वर्षांनी काम करणाऱ्यांत त्यांच्यापैकी कोणी असेल की नसेल, याचा निकाल आजच त्यांच्या घरात लागत आहे.

म्हणून २८ तारखेला मुलांना एकटे पाठवू नका. शक्य असेल तर एका दिवसाची मजुरी बुडवून तुम्हीही चला. तबकडीखाली उभे राहून वर पाहा. तेथील माणसांना विचारा, येथे काम करावयास काय शिकावे लागते? प्रश्न मराठीत विचारा, संकोच नको. आणि परत आल्यावर, आपल्या मुलीने पुढे शिकू का म्हणून विचारले, तर लगेच नाही म्हणू नका. आठ दिवस घ्या, हिशेब मांडा, जाणत्याला विचारा, आणि मग बोला.

माझ्या वडिलांनी जपलेली ती वही अजून माझ्यापाशी आहे. अक्षर सुंदर आहे. मोजमापे दुसऱ्यांची आहेत. तुमच्या घरातील वहीत अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. मोजमापे तुमच्या लेकरांनी स्वतः घेतलेली असावीत, एवढीच माझी इच्छा आहे.